कान्हूच्या गाडीचा पंप

कान्हू,

तुझी आई रोह्याच्या दवाखान्यात आपल्याला सोडून गेली, त्या दुपारी तू महाडहून येताना कोलाडला बंद गाडीपाशी उभा होतास. ती गेल्याचं मीच फोन करून सांगितलं. शेवटपर्यंत ती विचारत होती, "अवो, कान्हू कुठवर आला?" "येतोय गो," म्हणत मी तिचा हात धरून होतो.

तेव्हापासून तू येईल त्याला सांगतोस, "मी गाडी दामटली म्हणून टाकीतला पेट्रोलचा पंप जळला." तसं नाही. इंजिनाची ताकद वाढवायला टर्बो लावल्यावर पेट्रोल कमी पडू नये म्हणून दुकानातला सगळ्यात मोठा पंप मीच उचलला आणि जुन्या बारीक वायरीवर जोडला. तेराव्यानंतर मागची सीट काढून खालचा पंप पाहिला. पंप धड आहे, त्याचा करंट बारीक वायरीला झेपला नाही म्हणून तिचा कनेक्टर वितळलाय. सीट परत बसवली आणि गप्प राहिलो.

तू आणलेले दोन नवे पंप फळीवर आहेत. मोठा परत कर. तो करंट फार ओढतो, आणि तुझ्या इंजिनाला लहान पुरून उरेल. पेट्रोल पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नकोस, पंप पेट्रोलातच थंड राहतो.

मला घरात बसून राहवत नाही. जाड वायर आणि पंपाला थेट बॅटरीवरून करंट देणारा रिले आणायला पनवेलला जातोय. भात झाकून ठेवलाय, आमटी गरम करून घे. रविवारी रेस असली तरी मी येईपर्यंत गाडी काढू नकोस.

वायर टाकायची राहिली आहे. हे सगळं तुला तोंडावर सांगायचंही राहिलंय.

बाबा