तळ्यावरून सिनेगॉगला

पनवेल, रविवार

ती. शुलामिथताईस,

धाकट्या आरोनचा वाकून शालोम. (हल्ली वाकता येतं, म्हणून मुद्दाम लिहिलं.) तुझा गुडघा आणि भावोजींचं ब्लडप्रेशर आपापल्या जागी असेल अशी आशा करतो. तुझी भावजय एफ्रात मजेत आहे. म्हणजे माझ्यावर चिडलेली आहे, पण तब्येतीने ठणठणीत.

मागे फोनवर तू सगळ्यांदेखत म्हणालीस की साखर वाढलेला माणूस पनवेलात एकटा पडून काय करणार, इस्राएलला ये, आमच्याकडे खोली रिकामीच आहे. एकटा म्हणजे काय, माझ्या बायकोला तू माणसात धरत नाहीस का? ते असो. मी तेव्हाच ठरवलं की रोज धावायचं, साखर उतरवायची आणि इथेच राहायचं. त्या खोलीत तू खुशाल लोणच्याच्या बरण्या ठेव.

पण ताई, साठी उलटलेला माणूस विनाकारण धावतो हे पनवेलात कुणाला पटतच नाही. पहिल्या दिवशी मी वडाळे तळ्यापर्यंतही पोचलो नव्हतो, तोच आपल्या गल्लीतला बाळू रिक्षा घेऊन आला आणि माझ्या शेजारून हळूहळू चालवू लागला. “काय झाला काका? कोनी दवाखान्यात हाय का?” मी म्हटलं, व्यायाम करतोय. “मंग बसा ना, तलावावर सोडतो. तिथं करा.” तो रोज विचारतो आणि मी रोज नाही म्हणतो. शेजारच्या नीतावहिनी एफ्रातला हळूच विचारून गेल्या, घरात काही बिनसलंय का. तळ्याकाठची कुत्री सुरुवातीला मागे लागत (माझा वेग त्यांच्यामुळेच वाढला), पुढे त्यांनीही नाद सोडला. नव्या बुटांनी टाचा सोलल्या, तर जुने चढवले. रस्ता खणून ठेवला, तर बोळातून गेलो. लोक हसतात, हसू देत.

खरी अडचण आली शनिवारी. एझ्राभाऊंनी (तू इस्राएलला गेल्यापासून सिनेगॉगमधली प्रार्थना तेच चालवतात) मला बजावलं की शब्बाथ हा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी धावायचं नाही. आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे; एक दिवस खंड पडला की आठवडा गेलाच म्हणून समज. मी सिनेगॉगच्या कपाटातली पुस्तकं काढून बसलो आणि सापडलं: प्रार्थनेला जाताना शब्बाथलाही धावावं, त्यात पुण्य आहे, परतताना मात्र सावकाश चालावं. झालं. तेव्हापासून दर शनिवारी मी प्रार्थनेला धावत जातो. आपलं घर सिनेगॉगपासून तिसरं, हे खरं आहे. पण कुठल्या वाटेने जावं याबद्दल पुस्तकात अवाक्षर नाही. मी तळ्यावरून जातो, आणि तळ्याला फेऱ्याही मारतो.

एझ्राभाऊ भडकले. घामाच्या वासाचं निमित्त करून मला बाहेर काढायलाच निघाले होते, पण त्याआधी त्यांनी सवयीने माणसं मोजली. ताई, तुझ्या वेळी बाक पुरत नसत. आता दहा पुरुष जमले तरच सेफर तोराची गुंडाळी वाचायला बाहेर निघते, आणि त्या दिवशी मला धरून दहाच होते. मग मला मुकाट्याने पंख्याखाली बसवण्यात आलं. हल्ली मला उशीर झाला की बाकीचे नऊ जण ओट्यावर उभे राहून तळ्याच्या रस्त्याकडे बघत असतात. लाज वाटते, पण खरं सांगू, बरंही वाटतं. कालच एझ्राभाऊंनी मला आणायला बाळूला पिटाळलं. मी रिक्षात बसलो नाही. शब्बाथला वाहनात बसू कसा? बाळू शेजारून रिक्षा चालवतोय, मी धावतोय, असे आम्ही दोघे दारात पोचलो. एझ्राभाऊंनी मला दहावा मोजलं आणि प्रार्थना सुरू केली.

साखर उतरली आहे. मी कुठेही येणार नाही.

तुझा हट्टी भाऊ,
आरोन

ता. क. एफ्रात म्हणते की साखर तिने माझा भात बंद केल्यामुळे उतरली. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

आणखी एक ता. क. डिसेंबरात लोणावळ्याला धावण्याची शर्यत आहे. मी नाव घातलंय. शर्यत नेमकी शनिवारी सकाळी आहे. (हिच्यासाठी पुस्तकात पळवाट सापडली नाही. पाप माझं मी बघून घेईन.) पण माझ्यापायी त्या नऊ जणांची प्रार्थना अडायला नको. तुझा नातू एलाद लष्करातून सुटून हिमाचलात भटकायला येतोय म्हणालीस ना, त्याला आधी पनवेलला पाठव. इतकी वर्षं तू इथला एक माणूस तिकडे मागत्येस. मी तिकडचा एक मागतोय, तोही एका सकाळपुरता. पोराला सांग, धावावं लागणार नाही. माझ्या जागी नुसता बसून राहिला तरी पुरे.