बुधवारी अकराला कोणी नसतं

३ फेब्रुवारी १९९२, सोमवार
शैलजा हो म्हणाली. लायब्ररीत, पुस्तक परत करता करता. बाहेर कुठेतरी भेटू असं मीच बोलून गेलो. जागा कळवतो म्हणालो. ती कंप्युटर क्लासमध्ये शिकवते. मी मिलच्या टाइम ऑफिसात आहे, हे तिला ठाऊक आहे. मिल डिसेंबरपासून बंद असली तरी ऑफिसचं काम चालूच असतं, असंही सांगून ठेवलंय. अगदीच खोटं नाही. मार्चमध्ये मिल उघडणारच, मग मधल्या महिन्यांचं रडगाणं कशाला?

५ फेब्रुवारी
श्रीपादचा सल्ला घेतला. तो विमा विकतो, त्यामुळे त्याला माणसं कळतात. म्हणाला, अरे भिया, पहिली भेट दिवसा ठेव, एकदम कॅज्युअल. संध्याकाळी भेटलास तर मामला सीरियस वाटतो.
ठराव: दिवसा. शर्ट इस्त्रीचा, पण इन करायचा नाही.

७ फेब्रुवारी
छप्पन दुकान: मामा रोज तिथे कचोरी खातात. राजवाडा: आईच्या भजनी मंडळाचा रस्ता. चिडियाघर: माकडांसमोर पहिली भेट नको. उरला नेहरू पार्क. धास्ती एकच, मिलची माणसं. त्यांच्यापैकी एक जरी भेटला तरी माझं ऑफिस उघडं पडणार.

८ फेब्रुवारी, दुपारी २
पाळ्यांची जुनी वही काढली. बुधवार, सकाळी अकरा: पहिली पाळी मिलमध्ये, दुसरी भाजी आणायला, तिसरी झोपलेली. पार्क रिकामा. सहा वर्षं सगळ्या मिलच्या वेळा सांभाळल्या, त्याचं आज चीज झालं. बाबूराव जॉबर खात्याचा मुकादम, पण त्यालाही महिन्याला दहा लेट मार्क द्यायचो. पाच मिनिटांचीही सूट नाही.

१० फेब्रुवारी
पीसीओवरून शैलजाला कळवलं. बुधवारी तुम्हाला ऑफिस नाही का, असं तिने विचारलं. ॲडजस्ट करतो म्हणालो. आवाज छान लागला होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार
माझं गणित बरोबर होतं. मिल चुकली.
पार्कात झाडाखाली तिन्ही पाळ्या हजर. पत्ते, शेंगदाणे, जामफळं. एवढी हजेरी मिल चालू असताना कधी लागली नव्हती. मागे फिरणार होतो, पण शैलजा आधीच बाकावर येऊन बसलेली. तेवढ्यात बाबूरावने हाक मारली.
"आओ टाइमबाबू, बैठो. घरात किती दिवस बसून राहणार?"
शैलजाने ऐकलं. मी तिच्या शेजारी अंग चोरून बसलो आणि शर्ट इन केला. ती पत्त्यांकडे बघत होती.
"मी हाफ डे टाकून आले," ती म्हणाली. "तुम्ही काय टाकून आलात?"
सी.एल., कॅज्युअल लीव्ह, मी म्हणालो. झाडाखाली कोणीतरी हसलं. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.
हाफ डे फुकट घालवायचा नाही म्हणून ती साडेअकराला क्लासला गेली. जाताना म्हणाली, मिल उघडली की कळवा.

१३ फेब्रुवारी
नीट विचार केला. कळवा म्हणाली, म्हणजे थांबणार आहे. नाहीतर कोण कळवायला सांगतं?

१७ मार्च, मंगळवार
मिल उघडली नाही. एप्रिलमध्ये नक्की. शैलजाला तोवर काय कळवणार?
बाबूरावच्या डावाला चौथा भिडू कमी पडतो, म्हणून हल्ली पार्कात जातो. आज पोचायला अकरा पाच झाले. बाबूरावने पत्ते वाटता वाटता मनगटावरचं घड्याळ पुढे केलं.
"लेट मार्क, टाइमबाबू."
सगळे हसले. मला हसू आलं नाही.
उद्या घरून साडेदहालाच निघायचं.