पाचवं गणित

दि. ४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र बघून म्हणशील, टकळीला काम पडलं वाटतं. पडलंच आहे. आमच्या सरांनी अणूचा धडा एका तासात उरकला आणि गृहपाठ मात्र डोकं फुटेल एवढा दिला. आयोडीन ते आयोडीन, मग एकाचं वस्तुमान १२७ आणि दुसऱ्याचं १३१ कसं? आणि हे १३१वालं आठ दिवसांत निम्मं संपलं, तर उरलेलं निम्मं पुढच्या आठ दिवसांत संपायला नको का? पाचवं गणित तर त्याच आयोडीनचं आहे, जे तुला जानेवारीत गळ्यातल्या ग्रंथीसाठी दिलं होतं. चार महिन्यांनी किती उरेल, असं विचारलंय. बाबा म्हणाले, सख्खी आत्या शाळेत हेच शिकवते, माझं डोकं कशाला खातेस.

ताईचं बाळ मजेत आहे. नाक थेट तुझं. सुट्टीत तू त्याला बघायला येणार होतीस ना? आई म्हणते, घाई करू नका, बाळ जरा मोठं होऊ दे. किरण एकदा अंगात शिरले की कायमचे, असं तिचं म्हणणं. मे महिन्यात तू आली होतीस तेव्हाचा तुझा निळा कप अजून खिडकीत वेगळा ठेवलाय, कोणी हात लावत नाही. रागावू नकोस हं, बाळासाठीच सांगतेय ती.

उत्तर लगेच धाड आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
टकळी


दि. ९ ऑक्टोबर

चि. टकळीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काम पडल्यावर का होईना, आत्या आठवली, हे काय कमी आहे? आता कान इकडे कर.

अणूच्या मधोमध केंद्रक असतं. त्यात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दाटीवाटीने बसलेले, आणि इलेक्ट्रॉन बाहेर. नाव ठरतं ते प्रोटॉनवर. त्रेपन्न असले की आयोडीन, मग न्यूट्रॉन कितीही असोत. न्यूट्रॉन म्हणजे घरी राहायला आलेले पाहुणे समज. फार झाले की घराची घडी विसकटते आणि केंद्रक काहीतरी बाहेर फेकून शांत व्हायला बघतं. तोच किरणोत्सार.

निम्म्याचं कोडं वाचून सुटायचं नाही. आईच्या डब्यातली मूठभर बटणं घे, खुळखुळवून टेबलावर टाक. सुलटी पडतील ती बाजूला काढ आणि उरलेली पुन्हा टाक. कोणतं बटण कधी सुलटं पडेल ते देवालाही सांगता येणार नाही, पण दर खेपेला साधारण निम्मी जातात. आयोडीनची एक खेप आठ दिवसांची.

पाचवं गणित तेवढं तुझं तू कर. जमेल तुला.

बाळाला लांबूनच पापी. मी सुट्टीत इथेच आहे, पेपर तपासायचे पडलेत. तुझ्या आईला सांग, काळजी करू नको. सगळ्यांवर माझा जीव आहेच, तुमचाही थोडा असू द्या.

तुझी,
आत्या


दि. १५ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाचवं गणित सुटलं. न सुटतं तर बरं झालं असतं.

जेवणाच्या टेबलावर चौसष्ट बटणं मांडून बसले होते. आई भाजी निवडत होती. आठ दिवस, सोळा दिवस, चोवीस दिवस, असं मोठ्याने म्हणत मी बटणं काढत गेले. दोन महिन्यांच्या आतच टेबल रिकामं झालं. खऱ्या अणूंची संख्या अफाट असते, त्यामुळे थोडे उरतात, पण चार महिन्यांनी हजारातला एक भागसुद्धा नाही. म्हणजे तू मे महिन्यात आलीस तेव्हा तुझ्या अंगात काहीच नव्हतं. आईने भाजी बाजूला ठेवली आणि पुन्हा कर म्हणाली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा बटणं तिने स्वतः टाकली. मग उठून आत गेली.

आत्या, मे महिन्यात तू माझी वही तपासून दिलीस, त्याच संध्याकाळी मी तिचं कव्हर बदललं होतं. तू बघितलंस का, हे मला विचारवत नाही. मला फार लाज वाटतेय. पण तू तर हेच शिकवतेस. एका शब्दाने का नाही बोललीस?

मला पूर्वीसारखंच टकळी म्हणत राहा.

तुझी,
टकळी


दि. १६ ऑक्टोबर

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या पत्रातलं पाहुण्यांचं वाक्य वाचून आधी वाटलं, मला टोमणा आहे. मग वाटलं, असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते.

मे महिन्यात मी तुमचं ताट वेगळं घासत होते आणि तुम्ही दारात उभ्या राहून शाळेतल्या गमती सांगत होतात. मी हसत होते. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, आणि आता तेच जास्त लागतंय. डॉक्टरांनी लांब राहायला सांगितलेले दिवस कधीच संपले होते. कोणाला विचारावं, एवढंही मला सुचलं नाही. तुमचे भाऊ गप्प बसले, पण त्यांच्यावर ढकलून मी सुटणार नाही.

कप इतर कपांत ठेवलाय. मला तोंड दाखवायची लाज वाटते, तरी म्हणते, या. रागावून आलात तरी चालेल.

तुमचा लोभ मागायला मला जागा नाही. तरी मागते.

तुमची,
वहिनी


दि. २० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,
स. न. वि. वि.

टकळीने विचारलं, मी बोलले का नाही. तिला नाही सांगता आलं, तुला सांगते.

वर्गात फळ्यावर हे गणित सोडवताना माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो. भावाच्या घरी खिडकीतला कप बघितला आणि तोंडच उघडेना. शिक्षिकेने एवढं घाबरावं, याची लाज मलाही वाटते. पण तोवर मला म्हणता येत होतं की तुम्हाला माहीत नाही. मी सगळं समजावून सांगितलं असतं आणि त्यानंतरही कप तिथेच राहिला असता, तर मी कुठे गेले असते?

पेपर तपासून कधीच झालेत. शनिवारी दुपारी येते. लोभ तुमचाही आहे, माझाही आहे, त्याचं बोलणं नको.

चहा कोणत्याही कपात दे. आधी बाळ दे.

तुझी,
वन्सं