वैद्यच वैद्य

ऋतू,

टेबलावर तुझा पत्त्यांचा डेक मीच पसरलाय, चिडू नको. काल सिडकोत पत्त्यांच्या लढाईच्या जोडीच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत का हरलो, ते दोघांचे पत्ते शेजारी मांडल्यावर कळलं. माझा जीव राखायला तू नुसते वैद्य अन् ढालींचे पत्ते भरलेस, तुझा राखायला मीही तेच केलं. मारायला ड्रॅगन तू आणशील असं मला वाटलं, मी आणीन असं तुला. समोरची कॉलेजची पोरं निवांत मारत होती, आपण एकमेकांना मलमपट्टी करत बसलो. "काका-काकू लई प्रेमळ खेळतात," म्हणाली त्यातली एक.

तुझे निम्मे वैद्य काढून स्वस्तातले भालेवाले घातलेत. ड्रॅगन मी माझ्याकडं घेतलाय, पण तो उशिरा येतो, तोवर त्यांनी मारत राहायचं. परत वैद्य कोंबू नको.

पुण्याला मला मिळालेल्या नोकरीचंही असंच झालं. आपण पुण्याला जाणार हे खुलताबादला तुझ्या आईंना तू सांगशील म्हणून मी थांबले, मी सांगेन म्हणून तू. दर रविवारी त्यांच्या हातची भाकरी खाऊन दोघंही "सगळं बरंय" म्हणत परत येतो. होकार कळवायचा आज शेवटचा दिवस आहे. मी दमले रे आता. सकाळच्या एसटीनं त्यांच्याकडं चाललेय, त्यांना सांगूनच होकार पाठवीन.

त्या रडतील, मग तुलाच फोन लावतील. तेव्हा "बघू" म्हणू नको. "व्हय आई, आम्ही दोघांनी ठरवलंय," एवढं म्हण.

तनुजा