चॅनलला आवडलेली सासू

आत्याबाई, मी तुमची थोरली सून. हे आधीच सांगते, कारण ध्यानात ठेवणं तुम्हाला जिवंतपणीच जमत नव्हतं, आता तर विसरायला सवडच सवड. किल्ल्यांचा जुडगा कमरेला खोचून तुम्ही घरभर किल्ल्या हुडकायच्या, आणि सापडल्या की वर मलाच म्हणायच्या, "तूच लपवल्या आसशील." माझं नावसुद्धा तुमच्या तोंडून कधी आलं नाही. "थोरले, इकडं ये" म्हटलं की काम व्हायचं. तर ती थोरली बोलून राहिली. लिहून राहिली ती माझी सून, जिला तुम्ही पाहिलं नाही. नांदेडची आहे, शाळेत मास्तरीण होती, त्यामुळं मी बोलते ते मधेमधे शुद्ध करते. करू दे. पण शिव्या आल्या तर त्या शुद्ध करायच्या नाहीत, असं तिला बजावून ठेवलंय. आज माझं डोकं फिरलंय. लातुरातल्या ह्या घरात माणसं भरपूर आहेत, पण ज्या गोष्टीवरून डोकं फिरलं ती ठाऊक असलेली दुसरी बाई म्हणजे तुम्ही, आणि तुम्ही तिकडं जाऊन बसलात.

माझी नात, तुमची पणती, मुंबईला टीव्हीच्या मालिका लिहिते. मालिका एकदम सुरू करत नाहीत म्हणे. आधी एकच भाग करतात, नट, नट्या, दिवे, सगळं लावून, आणि तो चॅनलच्या लोकांना दाखवतात. त्याला पायलट म्हणतात. भात शिजला का बघायला आपण एक शीत दाबतो ना, तसं. चॅनलवाले गार खोलीत बसून ते शीत बोटांत चुरगाळतात आणि सांगतात, पातेलं चढवा, न्हाई तर ओतून द्या. यंदा त्यांच्यापुढं असे चार भाग आहेत, त्यांतला एकच ठेवणार. एकात नागीण आहे, ती वकिली करते. एकात दोघी जुळ्या बहिणी आणि नवरा एक. एकात डॉक्टरीण आहे, ती दवाखान्यात सोडून सगळीकडं जाते. आणि चौथ्यात, आत्याबाई, तुम्ही आहात.

मागच्या आठवड्यात पोरगी दोन दिवसांसाठी आली, तिचा लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडला आणि आम्हा सगळ्यांना बसवून तो भाग दाखवला. आधी मला कळलंच नाही. एक भलीमोठी बाई जिन्यावरून खाली येऊन राहिली. अंगावर जरीची साडी, कानात पावशेराचे झुमके, डोळ्यांत काजळ असं की वाटावं चुलीत तोंड घालून आली. म्हटलं, "ही कोण?"

"पणजी आहे ना, आज्जी."

"अन् जिना कशाचा? आपल्याकडं माळवदावर जायला शिडी होती, तिचीबी एक पायरी मोडलेली."

"सासू जिन्यावरूनच उतरते, आज्जी. त्याबिगर भीती बसत न्हाई."

तुमच्या अंगावर दोन लुगडी होती, आणि त्यांतल्या एकाला मी स्वतः तीन ठिगळं लावली. तुम्हाला जिन्यावरून उतरायची ऐट कुठली? तुमची मान एका अंगाला कलती होती. झुमक्यांनी नाही कलली ती. कशानं कलली ते मला ठाऊक आहे, आणि ह्या भागात त्याचा पत्ता नाही.

पुढं ती बाई सुनेच्या झिंज्या धरते, तिला धान्याच्या खोलीत ढकलते आणि कुलूप लावते. एकदा नाही, तीनदा लावते, दर वेळी वेगळ्या बाजूनं, आणि बाहेर विजा कडाडतात. आत पोरगी सात दिवस उपाशी. बाहेर सासू तिच्या वाट्याची भाकर कुत्र्याला टाकते आणि दारातून हसते. मी म्हटलं, "हे कुत्रं कुणाचं? आपल्याकडं कुत्रं नव्हतं." माझा लेक, एवढा साठीला आलेला माणूस, डोळे पुसून राहिला. सून पुसून राहिली. आणि नात माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणते, "आज्जी, चॅनलनं बाकी सगळ्यात खोट काढली. घर लहान आहे म्हणाले, नवरा बुटका आहे म्हणाले. फक्त सासू लई आवडली. म्हणाले, अजून थोडी खुनशी करा."

"चांगली करा म्हणून कुणी सांगितलं न्हाई?"

"चांगली सासू चार भागांत संपते, आज्जी. मग वर्षभर दाखवायचं काय?"

मला असा राग आला की वाटलं त्या चॅनलवाल्यांना एकेकाला आपल्या विहिरीवर उभं करावं, डोक्यावर चुंबळ द्यावी आणि वर मुरमाचं टोपलं. खुनशी म्हणे. ज्यांनी उभ्या जन्मात पाण्याचा हंडा स्वतःच्या हातानं उचलला नाही, ते तुमचा खुनशीपणा मोजणार. पण पोरीला बोलायला मला तोंड कुठलं? कारण ही गोष्ट तिला सांगितली कुणी? मीच.

तुम्हाला ठाऊक आहे कशी सांगायची मी. दर उन्हाळ्यात, सुट्टीला पोरं जमली की, लग्नात हळद फोडताना, बारशात. "माझ्या सासूनं मला बोटभर तुपासाठी कोंडलं होतं गं बायांनो." एका वेळी तीन दिवस म्हणायचे, एका वेळी पाच. तुमच्या देखतही सांगायचे, आणि तुम्ही वाती वळत ऐकायच्या आणि वरून म्हणायच्या, "अजून चार दिस ठेवायला पाह्यजे होती, जीभ तरी आखूड झाली आसती." सगळ्या बाया खो खो हसायच्या. मला तेव्हा वाटायचं, कशी जिरवली. सगळ्या गावानं मला तूपचोर म्हटलं होतं, गावची पोरं मला बघून बोटं चाटून दाखवायची, मग मी तुमचं थोडं नाव घालवलं तर काय झालं?

आता दुसरी अर्धी गोष्ट सांगते. सुनबाई, नीट लिही.

आपल्या निलंग्याकडच्या शेतात मामंजींनी विहीर खणायला घेतली तो हिवाळा. सुरुंग लावून खडक फुटतो आहे, गडी खाली भरतात, आणि वर मुरूम वाहायला घरच्या बाया. त्याआधी माझं दोनदा पोट पडलं होतं. तिसऱ्यांदा दिवस गेले ते माझ्याआधी तुम्हाला कळलं. तुम्ही मामंजींना म्हणालात, "थोरलीला टोपलं नको." ते म्हणाले, "आमच्या आईनं बांधावर बाळंत होऊन दुपारी खुरपं धरलं." मामंजींपुढं दुसऱ्यांदा बोलायची आपल्या घरात कुणाची टाप होती? तुम्ही नाही बोललात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी करत बसलेली, तर तुम्ही शिंक्यावरचं तुपाचं गाडगं घेऊन अंगणात गेलात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या सात पिढ्या काढल्या. हिनं तूप चोरून खाल्लं. माझ्या हातातलं पीठ हातातच वाळलं. मग तुम्ही मामंजींकडं वळलात. "चोरट्या हातानं टोपलं उचललं तर इहिरीचं पाणी पळतं. पाणी लागंस्तोवर ही तिकडं फिरकली न्हाई पाह्यजे. मी कोंडते हिला." पोटातल्या जिवासाठी जो माणूस ऐकायला तयार नव्हता, तो विहिरीसाठी लगेच ऐकला. म्हणाला, "कोंड."

मी आत आहे. ज्वारीच्या पोत्यांना टेकून बसलेय. दिवस उगवला की कुलूप, मावळला की उघडायचं. तुमचं मढं निघो म्हणून मी रोज देवाला सांगून राहिलेय. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी येळवस, सून शुद्ध करून लिहिते ती वेळ अमावस्या. सगळं घर शेतात गेलंय, कडब्याच्या कोपीत पूजा, आंबील, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, सगळ्या शिवारात माणसंच माणसं, आणि मी आत उंदरांचा आवाज ऐकून राहिलेय. ऐन दुपारी कुलूप वाजलं. तुम्ही एकट्याच आलेल्या, तीन कोस चालून, डोक्यावर टोपली. भज्जी अजून कोमट होती. खाली बसलात आणि भाकरीवर तूप घातलंत, ज्या तुपाची चोरी माझ्यावर आली तेच. मी हात लावीना. तर म्हणालात, "खा. अन् पाठ टेकून पडून ऱ्हा. ह्या बारीला टिकंल." मला समजायला तेवढं बास झालं. मी रडायला लागले तर तुम्ही खेकसलात, "गप. बाहीर कुणाला कळलं तर तुझा सासरा मला जित्ती ठिवायचा न्हाई. तुझ्या पोटातल्याची आण हाय, मी मेल्यावरबी तोंडातून काढायचं न्हाई." आणि उठताना भिंतीला हात लावून उठलात, कारण मान वळत नव्हती. माझ्या वाट्याची मुरमाची टोपली तुम्ही वाहत होता. तुमची आणि माझी, दोन्ही. पुढं महिनाभर वाहिली. पाणी लागलं तेव्हा मामंजी गावभर सांगत फिरले, चोरटे हात लांब ठेवले म्हणून लागलं.

इथं सून लिहायची थांबली. म्हणाली, "आई, म्हणजे तो जीव..." आणि आतल्या खोलीकडं बघितलं, जिथं तुमचा नातू बनियनवर बसून पेपर वाचून राहिला.

"हाव," म्हटलं, "त्योच त्यो. तुझा नवरा."

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "अन् तुम्ही मला एवढी वर्सं सासूचा जाच म्हणून ही गोष्ट सांगून धाक दाखवत होता?" ते मात्र लिहू नको म्हटलं तर तिनं मुद्दाम लिहिलं.

आत्याबाई, मी तुमच्यावरही चिडलेय. आण घातलीत ती घातलीत, पण मामंजी गेल्यावर तरी मोकळी करायची होती. तुम्ही वीस वर्षं हसत ऐकत बसलात. एकदा जरी म्हणाला असता, थोरले, पुरे, तर मी थांबले असते. खरं तर मला ठाऊक नाही थांबले असते का.

आता कागदाचं. पोरगी जाताना एक कागद ठेवून गेली, नोटरीचा शिक्का मारून मागून पाठवायला. चॅनलला पाहिजे आहे. त्यावर लिहिलंय की ही गोष्ट माझ्या आयुष्यात खरी घडली, अशीच घडली, आणि दाखवायला माझी काही हरकत नाही. खाली माझा अंगठा. पंधरा दिवसांत तो मुंबईत पोचला तर आमचा भाग पुढं सरकणार, नाही तर नागीण वकील जिंकणार. आठ वर्षं झाली पोरीला तिथं दुसऱ्यांच्या नावावर लिहून. हिला पहिल्यांदा स्वतःचं नाव मिळणार आहे, ते तुमच्या नावावर पाय देऊन. खरं सांगितलं तर सासू चांगली होते, आणि चांगली सासू चार भागांत संपते. सांगा, मी काय करायचं? तुम्ही असता तर कुठलं तरी तुपाचं गाडगं उचलून वाट काढली असती. मला तेवढं डोकं नाही.

मी सगळ्यांवर ओरडून झालं, चॅनलवर, पोरीवर, तुमच्यावर. आता जे आहे ते सांगते. अंगठा मी दिलाय. ती असतानाच दिला, त्याच संध्याकाळी, तिनं मागायच्या आधी मीच शाईची डबी कुठंय ते विचारलं. पोरीसाठी दिला असं मी चार दिवस मनाला सांगून राहिले. तसं नाही. टीव्हीवर ती पोरगी पोत्यांना टेकून रडत होती आणि माझा लेक माझ्यासाठी डोळे पुसत होता, आणि मला ते गोड लागलं. पंचाहत्तर-ऐंशी वर्षांत माझ्यासाठी असं कुणी रडलं नव्हतं. तुमची आण मला कधी आडवी आली नाही, आत्याबाई. अर्धी गोष्ट सांगताना नाही आली आणि उरलेली गिळतानाही नाही. ती सांगितली असती तर रडू तुमच्या वाट्याला गेलं असतं.

सून विचारते, ह्या पत्राच्या पाकिटावर पत्ता काय घालू? म्हटलं, पाकीट कशाला, आण मोडली ती मोडली, आता वर पोस्टमनला कशाला त्रास. कपाटात साड्यांच्या घडीत ठेव.

आणि उद्या संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सनं पोरीला पार्सल जायचंय, त्यात काय घालायचं ते लिहून घे. तो कागद घालू नको. त्यासाठी तिनं इथं यायचं, माझ्यासमोर बसायचं, सगळी गोष्ट ऐकायची, आणि मग तिला न्यायचा तर न्यावा, मी आडवी येणार नाही. धपाटे घाल पंधरा-वीस, जरा कडक भाज, म्हणजे मुंबईपर्यंत टिकतील. कारळाची चटणी घाल, तिखट कमी नको. दही घालू नको, मागच्या वेळी सगळं फुटून कपड्यांना लागलं होतं. आणि येळवसेची भज्जी पाठव म्हणून ती फोनवर हट्ट करेल, तर सांग, ती पार्सलनं जात नाही, इथं येऊनच खावी लागते.