कॅमेऱ्याला कान नसतात

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची भिवंडीत! पेणहून निघताना आई म्हणत होती, तिथे नुसता मागांचा खडखडाट, डोकं उठेल तुझं. उठू दे. नोकरी लागलीय, तीही माझ्या स्वभावाला शोभेल अशी. लोकांचं बोलणं ऐकायचं आणि लिहून काढायचं! शेजारच्यांच्या भांडणाला कान लावते म्हणून आजवर बोलणी खाल्ली, आता त्याचाच पगार.

खोली निजामपुऱ्यात मिळाली, आबिदा आपाच्या माडीवर. खाली तिचा लूमचा कारखाना. नवरा वारल्यापासून तीच चालवते. धाकटा भाऊ अरशद तिच्याजवळच राहतो, पण लूमचं काम त्याला नको, बायपासकडच्या एका गोदामात माल चढवतो. सारखा बाहेरच असतो, मला जिन्यावर एकदाच दिसला. आपाने आल्या आल्या सुक्या बोंबलाचं कालवण दिलं. आमचा सूर तिथेच जुळला.

खारबावची कमळमावशी रुसलीय. सख्खी मावशी असताना भाड्याने कशाला राहतेस म्हणते. पण तिकडच्या गाडीची वेळ आणि माझ्या शिफ्टची वेळ जुळत नाही, त्याला मी काय करू?

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिस म्हणजे गोदामच, फक्त एसी लावलेलं. कंपनी ‘सखी’ नावाची बोलकी डबी घरोघर फुकट वाटते. तिला विचारलं की ती गाड्यांच्या वेळा सांगते, बाजारभाव सांगते, अजान लावते, आरती लावते, मोबाईलवर कागदाचा फोटो काढून दिला तर वाचूनही दाखवते. आपाच्या फ्रिजवरही एक बसलीय. आमचे मितेश सर म्हणाले, सखी हाक मारल्याशिवाय ऐकत नाही. तिला पुस्तकी मराठी कळतं, पण कोणी ‘न्हाय गो बाय’ म्हटलं की अडकते. म्हणून आम्ही. कानाला हेडफोन, समोर स्क्रीन. जे ऐकू येईल ते टाइप करायचं आणि खाली शिक्का निवडायचा: भांडण, आजार, खरेदी, जमाव. प्रत्येक तुकडा दोघांकडे जातो. आवाज चिरका करून देतात, ओळख पटू नये म्हणून.

आमचे मोबाईल मात्र दारात काढून घेतात. गुप्तता महत्त्वाची म्हणे! मला हसूच आलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

काय एकेक ऐकायला मिळतं! एक सून सासूच्या नावाने भिंतीशी भांडत होती. एक म्हातारा म्हशीला ‘माझे बाय’ म्हणून समजावत होता. हसून हसून पोट दुखलं.

पण यातल्या कोणीच सखीला हाक मारली नव्हती. मितेश सरांना विचारलं. ते म्हणाले, डबी घेताना त्यांनी सगळ्याला मंजुरी दिलेली असते. वाचून दिली का, असं मी विचारणार होते, पण नोकरीच्या कागदांवर मीही कुठे वाचून सही केलीय? घरोघरी मातीच्या चुली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मितेश सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. एक तुकडा आला होता, तावातावाने बोलणारा पुरुष. गोदामाच्या गेटवर चेहरा तपासणारं मशीन बसवलंय, त्याच्याविरुद्ध. ‘तोंड दाखवून आत जायचं, तोंड दाखवून मुतायला जायचं. सोमवारी एकानेही आत पाऊल टाकायचं नाही.’ मी ‘जमाव’चा शिक्का मारला. शेऱ्यात कोणी काही लिहीत नाही, मी लिहिलं: बोली कोकणी मुसलमानाची, मागे लूमचा आवाज, निजामपुऱ्याच्या बाजूचा, मागवाल्या घरातला असावा.

सर म्हणाले, कान असावा तर असा. मी दिवसभर फुगून फिरत होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

काल अरशदच्या गोदामात कोणी कामावर गेलं नाही. आज सकाळी साध्या कपड्यातले दोघे आपाच्या दारात उभे राहिले. अरशद पाव आणायला गेला होता. एकाने मोबाईलवर बघून आपाला वाचून दाखवलं: तोंड दाखवून आत जायचं, तोंड दाखवून मुतायला जायचं. पुढे वाचलं, मागवाल्या घरातला असावा.

हे माझं वाक्य आहे. मी जिन्यात उभी होते. आवाज अरशदचा होता आणि मी ओळखला नाही. हुशारी दाखवायला गेले आणि त्यांना दारापर्यंत आणून सोडलं.

त्याच्याबरोबरच्या दोघांना कालच उचललंय. कुठे ठेवलंय, कोणी सांगत नाही. पोलीस चौकीवर म्हणतात आम्हाला माहीत नाही. अरशद मागच्या गच्चीवरून आला, माझ्या खोलीत बसलाय. फ्रिजवरच्या डबीची वायर मी काढली, तरी तिचा हिरवा दिवा बराच वेळ जळत होता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आपाला सगळं सांगायलाच हवं होतं. खोलीत नको, गल्लीत नको. म्हणून तिला खाली चालू कारखान्यात नेलं. तिथे कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही. लूमवाले तिथे आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलतात आणि समोरचा बरोब्बर समजतो. अख्खा जन्म त्यांचा तसाच गेलेला. आपाही त्यातलीच. भिंतीवर आमच्याच कंपनीचा कॅमेरा आहे, आगीच्या भीतीने तिने फुकटचा बसवून घेतलेला. मी स्टुलावर चढून नीट पाहिला. त्यात माईक नाही.

आपा घाबरत होती. मी म्हटलं, “कॅमेऱ्याला कान नसतात, आपा.”

मग सगळं सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. तुकडा, शिक्का, शेरा. वाटलं आता कानाखाली बसेल. तिने माझी हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि ओठांनीच म्हणाली, “तू लिखा ना? तर आता तूच वाचव त्याला.”

मी तिथेच सगळं ठरवलं, तिला तसंच ओठांनी सांगितलं. खारबाव. कमळमावशीचं घर. तिच्या शेजारच्या केसरीनाथ काकांच्या पेंढ्याच्या खोपीत कोणी बघायला जात नाही. आपाच्या ओळखीचा टेम्पोवाला सुताच्या गोण्यांमागे बसवून त्याला दुपारीच सोडून आला. मावशीने एका शब्दाने विचारलं नाही. देव तिचं भलं करो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात नवी रांग मांडलीय. तिथे सगळे म्हातारे लूमवाले. दाऊद चाचा पण आहेत, आपाच्या कारखान्यात राबून गुडघे गेलेले. मला बघून खूश झाले. म्हणाले, बेटा, या वयात बैठं काम, अल्लाचं देणं.

त्यांना हेडफोन दिलेले नाहीत.

मितेश सरांना विचारलं. ते म्हणाले, कारखान्यांतला आवाज सखीला भेदता येत नाही, म्हणून कॅमेऱ्यांतली मुकी चित्रं. यांनी ओठ वाचून सांगायचं, शेजारच्या पोराने टाइप करायचं. हळूहळू मशीन शिकेल.

मी जेवले नाही. माझं बोलणं बुधवारचं. ते कशाला येईल इतक्या लवकर — हजार कारखाने आहेत भिवंडीत —

२२ नोव्हेंबर, शनिवार. रिक्षात

आलं.

पाणी प्यायला उठले होते. चाचांच्या स्क्रीनवर आपाचा कारखाना. आपाची पाठ, आणि समोर मी. माझं तोंड इतकं स्पष्ट — आपाने उजेडाकडे वळवलेलं.

चाचांचे ओठ माझ्या ओठांबरोबर हलत होते. खा. र. बा. व. मग थांबले. वळून माझ्याकडे पाहिलं. अरशदला त्यांनी खांद्यावर खेळवलाय. पोराला म्हणाले, समजत नाही, लिही समजत नाही.

पण प्रत्येक तुकडा दोघांकडे जातो. पलीकडच्या टोकाला दुसऱ्या म्हाताऱ्याच्या स्क्रीनवरही मीच. त्याच्याजवळचा पोरगा भराभर टाइप करत होता. त्याला कोण अरशद आणि कोण मी.

पोटात दुखतंय म्हणून निघाले. सगळं तपासून वर जायला संध्याकाळ होते. तेवढाच वेळ. मावशीला फोन करू शकत नाही, फोन म्हणजे त्यांच्या हाती आयतं कोलीत. टेम्पोवाला कुठे सापडतो ते आपालाच ठाऊक —

२२ नोव्हेंबर. कारखान्यात

गल्लीत चहाच्या टपरीवर साध्या कपड्यातले ते दोघे उभे आहेत. आपाला बाहेर नेता येत नाही.

तोंडावर हात धरून सांगितलं. तिला काही कळेना. हात काढ म्हणते. ओठ दिसल्याशिवाय तिला कळणार कसं! आणि वर तो कॅमेरा —

म्हणून इथे लिहिते. आपा, कॅमेऱ्याकडे पाठ कर आणि वाच.

ते ओठ वाचतात. खारबाव कळलंय. अरशदला आत्ता हलव. मावशीलाही त्याच टेम्पोत घे. गणेशपुरी, माझ्या राघोमामाचं शेतघर, कालव्याच्या पुलाजवळ. तिथलं कोणालाच माहीत नाही —

मान काय हलवतेस? अक्षर लागत नाही? थांब, मोठं काढते.

ग णे श पु री. रा घो मा मा.

नाही आपा, मोबाईल ठेव. फोटो नको काढू. सखी वाचून दाखवेल, खरंय, पण फोटो आधी कंपनीकडे जातो आणि मग ती वाचू —

आपा नको दाबू आप