‘जन्मजात’च्या पुढचं वाक्य

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

आशीर्वाद. घ्यायचे की परत पाठवायचे, ते पत्र संपल्यावर ठरव.

सकाळपासून कानात शाळेतला आवाज घुमतोय. सगळा वर्ग एका सुरात कविता म्हणायचा, मास्तर टेबलावर पट्टीने ताल धरायचे. ओळ विसरलो की मी नुसते ओठ हलवायचो. त्या गलक्यात कोणाला कळणार?

पिटुकल्या नातीची प्राणवायूची नळी काढली, असं काल चिरंजीवांनी फोनवर सांगितलं. दूधही ओढून पितेय म्हणे. मग तू फोनवर आलीस आणि मी ‘जेवलीस का’ एवढंच विचारून फोन ठेवला. म्हणून हे लिहितोय.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या प्रथिनांची गोष्ट आठवते? बाळ घरी आलं तेव्हा पाळणा हलवता हलवता सांगितली होतीस. “बाबा, फ्लूच्या विषाणूच्या अंगावर साखरेचे कण असतात. फुफ्फुसातली ही प्रथिनं ते ओळखतात, त्यांना चिकटतात आणि विषाणूंच्या मोळ्या बांधतात. पेशीत शिरूच देत नाहीत. आणि हे त्यांना कोणी शिकवत नाही, जन्मजात असतं.”

“म्हणजे पाठ न करताच तोंडी आलेली कविता!” मी म्हणालो. तू हसलीस.

पुढेही तू काही सांगत होतीस. मी मात्र ‘जन्मजात’पाशीच रेंगाळलो. काय भरदार शब्द! दिवसभर तोंडात घोळवला. त्याच्या पुढचं वाक्य मला बाळ फ्लूने दवाखान्यात गेलं तेव्हा डॉक्टरांकडून कळलं: आपल्या पिटुकलीसारख्या वेळेआधी जन्मलेल्या बाळाजवळ ही प्रथिनं पुरेशी नसतात.

ती आजारी पडली त्याआधीच्या रविवारी तुमच्याकडे आलो, तेव्हा मला ताप होता. अंग मोडून आलं होतं. गोळी घेतली, घाम आला, वाटलं, झालं. आणि तिच्याजवळ तर जन्मजात पहारेकरी! तू अंघोळीला गेलीस आणि मी तिला उराशी धरून, तोंडाशी तोंड नेऊन कविता म्हटल्या. ती माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती गं.

“घरात कोणाला ताप, खोकला?” डॉक्टरांनी विचारलं. तू तुझ्या आईकडे बघितलंस. “आई, सांगितलं होतं ना, बाळाजवळ खोकू नकोस!”

“अगं, माझा घसा लग्नाआधीपासून असाच आहे,” विहीणबाई म्हणाल्या. एरवी त्यांच्या खाकरण्याला ‘भोंगा वाजला’ म्हणून मीच पहिला हसतो. त्या दिवशी मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत राहिलो. संध्याकाळी त्या पिशवी उचलून आपल्या घरी गेल्या. अजून तू त्यांच्याशी बोलत नाहीस म्हणे.

तुझ्या आईने काही आणलं नव्हतं, सूनबाई. मी आणलं.

थांब, दार वाजतंय.

विहीणबाई आल्यात! जिन्यातच भोंगा ऐकू आला, तरी मला खरं वाटेना. हातात गरम पाण्याचा थर्मास. उंबऱ्यातूनच विचारतात कशा, “काय व्याहीबुवा, ताप उतरला का? त्या रविवारी बाळाला माझ्याकडे दिलंत, तेव्हा हात नुसते भाजत होते तुमचे.”

म्हणजे दवाखान्यातही त्यांना ठाऊक होतं.

त्या टेकल्यात तोवर एवढंच लिहितो. पत्र त्यांच्याच हाती देतोय. पाकिटावर लिहितोय: ‘आधी आईला जवळ घे, मग हे उघड.’

तोंड दाखवायला न धजणारा,
बाबा